शब्दकोशाची वाटचाल : चिठ्ठीपासून यंत्रापर्यंत

डहाणूहून बोर्डीकडे किनाऱ्याकिनाऱ्याने निघाले म्हणजे वाटेत चिखले हे गाव लागते. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला चिकूच्या वाड्या आणि आत डोंगराच्या दिशेने वारली बांधवांचे पाडे. तिथे माझे एक शिक्षकमित्र राहतात. गेल्या वर्षी त्यांच्याकडे गेलो असताना आम्ही सकाळी किनाऱ्यावर फिरत होतो. होड्या वाळूत ओढून ठेवलेल्या होत्या. एका म्हाताऱ्या मांगेला गृहस्थांना मी सहज विचारले, "आज होडी लोटली नाही का हो?" ते म्हणाले, "आज भांग आहे."

आमच्याबरोबर मित्राचा नातू होता, चौथीतला. त्याने लगेच आजोबांच्या हातातला मोबाईल घेतला आणि 'भांग' म्हणजे काय ते यंत्राला विचारले. यंत्राने दोन अर्थ दिले. केसांत पाडतात तो भांग आणि घोटून पितात ती भांग. पोरगा एकदा आजोबांकडे आणि एकदा त्या गृहस्थांच्या टकलाकडे पाहू लागला. आम्ही सगळेच हसलो.

पण हसण्याजोगी गोष्ट तेवढीच होती. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास समुद्राला उधाण येते आणि अष्टमीच्या सुमारास भरतीचा जोर ओसरतो. त्या दिवसांना आपल्या किनाऱ्यावर भांग म्हणतात. प्रवाहाच्या जोरावर चालणारे डोल जाळे अशा मंद पाण्यात पुरेसे भरत नाही, म्हणून होड्या वाळूत. त्या तीन शब्दांच्या उत्तरात पंचांग होते, समुद्राचे शास्त्र होते आणि एका घराच्या त्या दिवसाच्या कमाईचा हिशेबही होता. यंत्राच्या उत्तरात यांतले काहीच आले नाही.

वाचकहो, यात यंत्राचा दोष किती आणि आपला किती, याचा विचार करायचा तर शब्दकोशाचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहिला पाहिजे.

आपल्याकडे कोश करण्याची परंपरा जुनी आहे. शिवाजी महाराजांच्या काळी रघुनाथपंत हणमंते यांनी राज्यव्यवहारकोश सिद्ध केला. दरबारात रुळलेल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणे हा त्याचा हेतू. सुमारे चौदाशे शब्दांचा हा कोश राज्यकारभारासाठी होता. नांगर, जाळे, चूल यांच्याशी त्याला कर्तव्य नव्हते, आणि असायचे कारणही नव्हते.

सर्वसामान्य मराठी भाषेचे मोठे कोश आले ते इंग्रजी अमदानीत. १८२९ साली मुंबईत 'महाराष्ट्र भाषेचा कोश' निघाला. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, परशुरामपंत गोडबोले आदी शास्त्रीमंडळींनी तो रचला. मराठी शब्दाचा अर्थ मराठीतच सांगणारा तो कोश होता. पुढे दोनच वर्षांनी, १८३१ साली, जेम्स टॉमस मोल्सवर्थ याचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. हा मनुष्य १८१२ साली ऐन पोरवयात फौजेत नोकरी करण्यासाठी हिंदुस्थानात आला आणि मराठीच्या नादी लागला. जॉर्ज आणि टॉमस कँडी हे जुळे भाऊ आणि आपले शास्त्री यांच्या साहाय्याने त्याने शब्द जमवले. प्रकृती ढासळल्याने तो १८३६ मध्ये मायदेशी गेला. पण काम अपुरे आहे ही टोचणी त्याला स्वस्थ बसू देईना. १८५१ मध्ये तो परत आला आणि १८५७ मध्ये त्याने कोशाची दुसरी, वाढवलेली आवृत्ती काढली. पहिलीत सुमारे चाळीस हजार शब्द होते, दुसरीत सुमारे साठ हजार झाले.

मोल्सवर्थचा मोठेपणा केवळ संख्येत नाही. पंडितांना ग्राम्य वाटणारे, कोकणातले, देशावरचे, बाजारातले शब्दही त्याने टाकून दिले नाहीत. शब्द कोणत्या पोथीत आहे एवढेच न पाहता तो कोणाच्या तोंडी आहे हेही त्याने पाहिले. अर्थात ज्यांच्या तोंडचे हे शब्द, त्या कुणबिणींची, कोळ्यांची, सुतारांची नावे त्या जाडजूड ग्रंथात कुठेच नाहीत.

मौज अशी की त्याच १८५७ साली लंडनमध्ये इंग्रजीचे शब्दकोश कसे अपुरे आहेत यावर विद्वानांपुढे व्याख्याने झाली आणि त्यांतून पुढे ऑक्सफर्डचा प्रचंड इंग्रजी कोश जन्माला आला. १८७९ साली त्याचे संपादक जेम्स मरे यांनी जाहीर विनंती केली, की तुम्ही जे वाचता त्यातले शब्द वाक्यासकट चिठ्ठीवर उतरवून आम्हांला पाठवा. टपालाने लाखो चिठ्ठ्या आल्या. हे काम १९२८ साली पुरे झाले.

आपल्याकडे यशवंत रामकृष्ण दाते, चिंतामण गणेश कर्वे आणि त्यांचे सहकारी यांनी पुण्यात महाराष्ट्र शब्दकोशाचे काम हाती घेतले. १९३२ ते १९३८ या काळात त्याचे सात विभाग निघाले, १९५० मध्ये पुरवणी निघाली. आणि चिठ्ठ्यांचीच गोष्ट निघाली आहे तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे नाव घेतलेच पाहिजे. तिथे १९४८ साली संस्कृतच्या महाकोशाचे काम सुरू झाले. सुमारे पंधराशे ग्रंथ वाचून एक कोटीच्या आसपास चिठ्ठ्या हाताने लिहिल्या गेल्या. पहिला भाग १९७६ मध्ये निघाला आणि पस्तीस भाग झाले तरी 'अ' हे अक्षर संपलेले नव्हते! कोशकाराला किती चिकाटी लागते, याचा यापेक्षा वेगळा दाखला नको.

आता यंत्राकडे वळू.

पुष्कळांचा असा समज असतो की पुस्तकाचे फोटो काढून संगणकात घातले की झाले. तसे नाही. फोटो म्हणजे चित्र. चित्रातला शब्द आपल्या डोळ्यांना दिसतो, यंत्राला दिसत नाही. यंत्राला शोधता यावे म्हणून पानावरचे प्रत्येक अक्षर टंकून तरी घ्यावे लागते, नाही तर यंत्राला अक्षरे ओळखायला शिकवावे लागते. तिथे ते आपल्या पहिलीतल्या मुलांसारखेच अडखळते. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांची गफलत करते. मग जाणत्या माणसाने बसून तपासावे लागते.

यंत्राला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. म्हणून जगातल्या लिप्यांतील अक्षरांना क्रमांक देणारी युनिकोड नावाची पद्धत ठरली. १९९१ साली तिच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली. तिच्यात 'क'चा क्रमांक २३२५, 'ख'चा २३२६. शाळेतला हजेरीपटच म्हणा ना. पण हा हजेरीपट केवळ मराठीचा नाही, हिंदी-नेपाळीसारख्या इतर भाषांचाही आहे. त्यामुळे आपल्या काही गोष्टी त्यात अडचणीच्या होऊन बसतात. आपण वर्णमालेत 'ळ' हा 'ह'च्या पुढे म्हणतो. हजेरीपटात तो 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये आहे. तेव्हा मराठी कोशाचा अनुक्रम यंत्राला वेगळा शिकवावा लागतो.

दुसरी अडचण पाहा. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांतल्या दऱ्या. चिखल्याच्या माणसाला पश्चिमेला एक आणि पूर्वेला दुसऱ्या! हा 'ऱ्या' यंत्रात दोन निरनिराळ्या प्रकारांनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. पण एका प्रकाराने लिहिलेला शब्द दुसऱ्या प्रकाराने शोधला, तर यंत्र बेलाशक सांगते की असा शब्दच नाही.

तिसरी अडचण लेखनाच्या नियमांची. मोल्सवर्थ आणि दाते यांच्या कोशांत माणसाचे 'नांव' अनुस्वार देऊन लिहिलेले असते आणि पाण्यावरची 'नाव' अनुस्वाराशिवाय. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार गेले आणि दोघी एकाच रूपात आल्या. आजचा विद्यार्थी जुन्या कोशात 'नाव' असे शोधू लागला तर त्याच्या हाती होडी लागते, नांव काही लागत नाही. जुना कोश नव्या यंत्रात आणणाऱ्याला ही सगळी व्यवधाने सांभाळावी लागतात.

इतके सायास करून मिळते काय? पुष्कळ मिळते. अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठाने दक्षिण आशियातील भाषांचे कोश संगणकावर आणले, त्यांत मोल्सवर्थ आणि दाते हे दोन्ही आहेत. सात विभागांचा महाराष्ट्र शब्दकोश पूर्वी किती गावांत होता? तालुक्याच्या ग्रंथालयात असला तर असला, तोही कुलपात. आज ज्या पाड्यावर मोबाईलला रेंज आहे तिथे तो फुकट उघडतो. भाषा संचालनालयाने तयार केलेले परिभाषा कोश शासनाच्या संकेतस्थळावर आहेत. काही भाषाप्रेमींनी बृहद्कोश नावाची सोय केली आहे. तिथे एकदा शब्द दिला की अनेक मराठी कोशांतले अर्थ एका ठिकाणी मिळतात. पवईच्या आयआयटीत मराठीचे शब्दजाल विणले गेले आहे. त्यात शब्द अकारविल्हे नसून नात्याने बांधलेले आहेत. समानार्थी शब्द एका ठिकाणी येतात, आणि सर्वसाधारण शब्दाखाली विशेष शब्द येतात.

कोश वापरण्याची रीतही बदलली आहे. मोल्सवर्थच्या छापील ग्रंथात आपल्याला मराठी शब्द ठाऊक असेल तरच अर्थ सापडे. आता उलट्या दिशेनेही जाता येते. अर्थाच्या मजकुरात 'टाइड' हा इंग्रजी शब्द शोधा, की भरती-ओहोटीशी संबंध असलेले मराठी शब्द एकामागून एक पुढे येतात. १८५७ साली छापलेल्या ग्रंथाचे असे काम होईल हे त्याच्या कर्त्याच्या स्वप्नातही नसेल.

शिवाय आवाज! 'चार' आणि 'चारा' हे दोन शब्द म्हणून पाहा. दोन्हींतला 'च' लिहायला एक, बोलायला वेगळा. छापील कोशाला हे खुणा करून सांगावे लागते. यंत्रातला कोश शब्द ऐकवू शकतो. रेडिओ ऐकणाऱ्यांना याचे महत्त्व मी काय सांगावे?

मग एवढी सगळी सामग्री असताना त्या मुलाला 'भांग' का मिळाला नाही?

त्याचे कारण असे. पूर्वी कोशकार शब्दाचे सगळे अर्थ क्रमाने मांडत असे. आजचे झटपट उत्तर देणारे यंत्र तसे करतेच असे नाही. त्याच्यात जो मजकूर ओतला गेला आहे त्यात जो अर्थ वारंवार येतो, तो ते पुढे करते. मजकूर कोणी लिहिलेला असतो? बहुतेक शहरांतल्या, लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या लोकांनी. चिखल्याच्या किनाऱ्यावरची माणसे भांगाविषयी रोज बोलतात, पण लिहीत नाहीत. जे लिहिले गेले नाही ते यंत्राच्या लेखी नसल्यातच जमा.

ही गोष्ट मांगेल्यांच्या बोलीची, तीच वारल्यांच्या बोलीची. वारली बोलीची नोंद जुनी आहे. ग्रिअर्सन यांच्या भाषा-पाहणीचा मराठीवरचा खंड १९०५ साली निघाला, त्यात वारलीचा समावेश आहे. त्यांची पद्धत अशी की बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट प्रत्येक बोलीत सांगवून घ्यायची. पुढे त्या पाहणीसाठी निरनिराळ्या प्रांतांत ग्रामोफोनच्या तबकड्याही घेतल्या गेल्या. त्या काळचे आवाज आज संगणकावर ऐकता येतात. परंतु उधळ्या मुलाच्या गोष्टीत तारपा यावा कसा? कणसरी, म्हणजे धान्याची देवता, यावी कशी? लग्नात गाणी म्हणून विधी चालवणारी धवलेरी यावी कशी? विचारणाऱ्याने जे विचारले तेवढेच नोंदले गेले.

अलीकडे या कामाने पुन्हा जोर धरला आहे. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मिळून मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हाती घेतले. कार्यकर्ते गावोगाव गेले, त्यांनी लोकांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले, आणि एकाच वस्तूला वा नात्याला कुठे काय म्हणतात याचे नकाशे संकेतस्थळावर ठेवले. 'वाडी' म्हटले की देशावरच्या माणसाला चार घरांची वस्ती आठवते आणि आपल्या डहाणूकराला चिकूची बाग. वस्तीला तो पाडा म्हणतो. अशा भेदांना नकाशावर जागा मिळणे ही मोठी गोष्ट आहे. परंतु विद्यापीठातला माणूस एका गावात किती दिवस राहणार? भांग आणि उधाण समजायला निदान पंधरवडा किनाऱ्यावर काढावा लागतो. लावणीचे शब्द आषाढात ऐकावे लागतात, लग्नाचे लग्नात.

म्हणून माझे मागणे गावच्या शिक्षकांकडे आहे. आणि ते या भागात तरी नवे वाटू नये. शेजारच्या बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. १९५७ साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुलांना शिकवायला महागडी साधने नव्हती, तेव्हा त्यांनी पाने, बिया, खडे, शंखशिंपले यांची साधने केली. मुलाच्या भोवती जे आहे तिथून शिक्षण सुरू करायचे, हा त्यांचा धडा होता. शब्दही मुलाच्या भोवतीच पडलेले असतात.

करायचे ते अगदी साधे आहे. शाळेत एक जाड वही ठेवावी. मुलांनी आठवड्याला एक शब्द घरून आणावा. आजीकडून, मामाकडून, होडीवरून, खळ्यावरून. शब्द, त्याचा अर्थ, तो ज्यात वापरला ते पुरे वाक्य, कोणी सांगितला, कोणत्या पाड्यावर आणि कोणत्या दिवशी, एवढे लिहावे. सांगणाऱ्याची परवानगी घेऊन मोबाईलवर आवाज धरावा. मोल्सवर्थच्या ग्रंथात शब्द देणाऱ्यांची नावे राहून गेली, तशी या वहीत राहू नयेत. आजीची हरकत नसेल तर आजीचे नाव लिहावे. आणि एक पथ्य पाळावे. पाड्यावरचा शब्द हा प्रमाण शब्दाचा बिघडलेला अवतार आहे, असे मुलापुढे चुकूनही म्हणू नये. एकदा मुलाला त्याची लाज वाटली की तो शब्द घरातूनच नाहीसा होतो, मग कोणता संगणक तो शोधणार?

वही भरली की तिच्यातले शब्द यंत्रात घालता येतील. विक्शनरीसारख्या खुल्या कोशात कोणालाही नोंद करता येते. पण वही जपून ठेवावी, हेही सांगतो. १८५७ चा छापील मोल्सवर्थ आज उघडला तरी वाचता येतो. तीसएक वर्षांपूर्वी फ्लॉपीवर साठवलेला मराठी मजकूर आज उघडायला यंत्र सापडत नाही, आणि उघडलाच तर त्या वेळच्या टंकातली अक्षरे चिन्हांचा खिचडा होऊन समोर येतात. संकेतस्थळे बंद पडतात. यंत्राला कागदाची आणि कागदाला यंत्राची सोबत असावी.

थोडक्यात काय, शब्द शोधण्याचे श्रम यंत्राने पुष्कळच हलके केले आहेत आणि त्याबद्दल आपण कृतज्ञ असावे. शब्द ऐकून टिपण्याचे काम मात्र शास्त्रीमंडळींच्या वेळी होते तसेच आजही माणसालाच करावे लागते, आणि त्यासाठी त्या माणसापाशी बसावे लागते.

त्या दिवशी माझ्या मित्राने नातवाला परत त्या मांगेला गृहस्थांकडे पाठवले. पोरगा वाळूत त्यांच्याजवळ बसला. त्यांनी काठीने वाळूवर चंद्राच्या कला काढून दाखवल्या आणि कोणत्या तिथीला पाणी कुठवर चढते ते सांगितले. अर्ध्या तासाने पोरगा उठून आला तेव्हा त्याच्यापाशी भांगाबरोबर आणखी पाचसहा शब्द होते. मित्राच्या शाळेतल्या वहीचे पहिले पान त्या शब्दांनी भरले आहे, आणि सांगणाऱ्याच्या रकान्यात त्या म्हाताऱ्या गृहस्थांचे पूर्ण नाव मुलाने आपल्या हाताने लिहिले आहे.